नळीवरचं नाव

९ फेब्रुवारी

औषध कंपनीच्या माणसाने लॅबमध्ये डायऱ्या वाटल्या, त्यातली एक माझ्या वाट्याला आली. प्रत्येक पानाच्या तळाशी रक्ताबद्दलची एकेक गंमत छापली आहे. आजची अशी : ‘लाल पेशी साधारण एकशेवीस दिवस जगते.’ बावीस वर्षं लोकांच्या शिरांत सुया टोचून पोट भरतेय, हे मला पाठ आहे. पण कोरं पान टाकून देववेना म्हणून लिहायला बसले.

आज सहा घरं केली. शेवटचं माझ्या एका जुन्या पेशंटचं, मी त्यांना आजोबाच म्हणते. त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी माझी फेरी असते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडायच्या आत आतून आवाज येतो, “आली का डासबाई?” डास निदान फुकट चावतो, असं वर.

आज त्यांच्या दोन्ही सुनांचंही रक्त होतं. मोठ्या वहिनींना काही महिने दम लागतोय, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं. ते ऐकून धाकट्या वहिनी म्हणाल्या, मग माझंही होऊन जाऊ दे. पाळी आधी मोठ्या वहिनींची होती, पण धाकट्या वहिनींना कामावर जायची घाई. त्याच येऊन खुर्चीत बसल्या. मी ट्रेमधली पहिली नळी उचलली आणि दोन मिनिटांत त्यांना मोकळं केलं. मग मोठ्या वहिनी. त्यांची शीर खोल आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मला दिसावी लागतही नाही. बोट ठेवलं की कळते. लॅबमध्ये मला ‘मऊ हात’ म्हणतात ते उगाच नाही.

त्यांचं रक्त मात्र फिकट उतरलं. पाणी घातल्यासारखं. हिमोग्लोबिन सहा-सातच्या वर नसणार, असं मनात म्हटलं.

नळ्यांवरची नावं मी सकाळी घरीच लिहून चिकटवते. नियम तसा नाही. नियम म्हणजे रक्त घेऊन झाल्यावर, त्या माणसासमोर, त्याच्याच तोंडून नाव ऐकून लिहायचं. पण हल्ली जवळची अक्षरं मला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात. घरी निवांतपणे यांचा चष्मा लावून लिहिलं की काम सुबक होतं. स्वतःचा चष्मा करायला हवा, हे कळतं. पण लॅबमधल्या थोरल्या बाईंना चष्मा लागला आणि महिन्याभरात त्यांना पावत्या फाडायला काउंटरवर बसवलं. माझा जीव त्या खुर्चीत घुसमटेल.

१० फेब्रुवारी

रिपोर्ट आले. मोठ्या वहिनींचं हिमोग्लोबिन बारा पॉइंट नऊ. धाकट्या वहिनींचं सहा पॉइंट आठ.

मी कागद दोनदा वाचला. मग लांब धरून तिसऱ्यांदा.

११ फेब्रुवारी

पहिली नळी मोठ्या वहिनींच्या नावाची असणार, कारण मी पाळीप्रमाणे ट्रे लावते. आणि पहिल्यांदा बसल्या धाकट्या वहिनी. हे सगळं काल दुपारीच डोक्यात आलं होतं, उगाच इथे आज आल्यासारखं दाखवत नाही.

पण असंही असेल की मी नळ्या बदलून घेतल्या असतील. हात आपोआप चालतात. बावीस वर्षांत हातांनी दगा दिलेला नाही. आणि नळीतला रंग डोळ्यांनी कितीसा कळतो? माझे डोळे काय लायकीचे आहेत ते मला माहीत आहे.

नळ्या लॅबच्या फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवतात. सरांना सांगून दोघींचं पुन्हा घेता येईल. सरांनी मागच्या वर्षी एकदा लेबलवरून सगळ्यांसमोर समज दिली होती, पुढच्या वेळी घरोघरी जाणं बंद म्हणून. उद्या बघू.

१३ फेब्रुवारी

आज फ्रिज साफ केला. जुन्या नळ्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेल्या. पिशवी मीच बांधली.

२३ फेब्रुवारी

आजोबांकडे गेले. धाकट्या वहिनी पलंगावर, उशाला दोन उशा, हातात फळांच्या फोडींची बशी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यात. म्हणाल्या, “रिपोर्ट आल्यापासून उभं राहिलं की गरगरतं.” कागदावर आकडा छापला की माणसाला चक्करही येते.

घरकाम आता सगळं मोठ्या वहिनींकडे. कारण त्यांचं रक्त उत्तम. त्यांच्या यजमानांनी रिपोर्ट फ्रिजच्या दारावर लावलाय, चुंबकाखाली, शाळेतल्या पोराचं प्रगतिपुस्तक लावावं तसा. जाता-येता त्याकडे बोट दाखवतात. “बाराच्या वर आहे तुझं. दम कसला लागतो? जिन्यावरून चार वेळा उतर-चढ कर, म्हणजे जाईल.”

मी आजोबांच्या हातावर कापूस दाबून धरला होता. मोठ्या वहिनी चहा घेऊन आल्या. ओठ कागदासारखे. कप ठेवला आणि तिथेच उभ्या राहून विचारलं, रक्त लाल असतं तर मनगटावरच्या शिरा निळ्या का दिसतात? लोक हे नेहमी विचारतात. मी नेहमीचं उत्तर दिलं : रक्त आतूनही लालच असतं, कातडीतून उजेड परत येतो तेव्हा निळं दिसतं, डोळ्यांची फसगत.

“म्हणजे वरून बघून नाही सांगता येत.”

“नाही.”

“आणि नळीत? एकाच घरातल्या दोघींच्या नळ्या शेजारी ठेवल्या, तर कोणती कोणाची हे ओळखता येतं?”

मी म्हटलं, नाही हो, त्यासाठीच नाव लिहितात. हुशार बाई आहे, शिकायला मिळालं असतं तर पुढे गेली असती. अशा चौकस माणसांशी बोलायला मला एरवी आवडतं.

९ मार्च

आज तो जिना संपता संपेना. चोराच्या मनात चांदणं. दार मोठ्या वहिनींनी उघडलं आणि मला आत घेऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, जणू तीन मजले त्याच चढून आल्यात.

तोंडात काहीतरी कडाकडा फोडत होत्या. बर्फ. फ्रीजरमधले चौकोन दिवसभर खातात, राहवतच नाही म्हणाल्या. धाकट्या वहिनी आतून म्हणाल्या, “आता हे एक नवीन खूळ.” थोरले, म्हणजे मोठ्या वहिनींचे यजमान, म्हणाले, सोंगं तरी किती आणायची माणसाने.

बर्फ खाण्याची ओढ कशाने लागते हे मला माहीत आहे. अंगातलं लोह संपत आलं की लोक माती खातात, खडू खातात, बर्फ खातात. आमच्या डायरीतसुद्धा आहे ते, एकोणीस एप्रिलच्या पानावर. मी पुढची पानं चाळून ठेवली आहेत.

मोठ्या वहिनींनी तेच विचारलं. “ताई, बर्फ खावासा का वाटतो?” मी म्हटलं, उकाड्याने.

मग आजोबांची नळी मी हलवत होते, तर म्हणाल्या, “यावरचं नाव तुम्ही आधी लिहिता की रक्त घेतल्यावर?” मी म्हटलं, नियम नंतरचा आहे. खोटं नाही बोलले. नियम नंतरचाच आहे.

लाज वाटते ती इथे लिहून ठेवते. जिना उतरताना मला वाटलं, ही बाई इतके प्रश्न विचारते, हिला काही काम नाही का?

१० मार्च

सरांच्या केबिनच्या दाराशी दोनदा गेले. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा मोकळे होते. त्यांनी विचारलं, “काय मऊ हात, काही हवंय?” मी म्हटलं, कापूस संपत आलाय.

२३ मार्च

धाकट्या वहिनींची सहा आठवड्यांनंतरची तपासणी आज होती. घरी लिहिलेली एकच नळी नेली, एकच माणूस, चुकायला जागाच नको. संध्याकाळी आकडा आला, तेरा पॉइंट एक. मी फोनवर सांगितला तर पलीकडे आनंदीआनंद. गोळ्या लागू पडल्या, आरामाने गुण आला.

मला सुटल्यासारखं झालं. आता दोघींचेही आकडे चांगले. कागदावर कुठे काही वाकडं उरलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण सकाळचं लिहायलाच हवं. धाकट्या वहिनींचं रक्त घेऊन झाल्यावर मोठ्या वहिनी पुढे आल्या. म्हणाल्या, “सहा आठवड्यांत माणसाचं रक्त वाढतं, तर तेवढ्याच दिवसांत एखाद्याचं कमीही होऊ शकतं ना? माझंही बघता का पुन्हा?” आणि बाही वर सारून हात पुढे केला. मला पळायला वाट दिली होती. कोणाची चूक काढायला नको, फेब्रुवारीतलं उकरायला नको. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं की पुरे.

थोरले पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, “उगाच कशाला टोचून घेतेस? चांगला आहे ना रिपोर्ट? मशीन काय खोटं बोलतंय?” मग माझ्याकडे बघून, “चुकतं का हो मशीन?”

मी म्हटलं, मशीन नाही चुकत.

मोठ्या वहिनींनी बाही खाली ओढली. आत गेल्या. बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. मी माझं सामान भरलं. पिशवीची चेन तीनदा अडकली.

१ एप्रिल

लॅबमध्ये आजोबांचा फोन. मोठ्या वहिनी कपड्यांची बादली घेऊन गच्चीवरून उतरताना जिन्यात पडल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणे. डावं मनगट मोडलंय. हाडांच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं. रक्त तपासायचं का, असं त्यांनी विचारलं होतं. थोरल्यांनी फ्रिजवरचा रिपोर्ट काढून नेला होता तो दाखवला.

“तू येशील ना सोमवारी?” आजोबांनी विचारलं. डासबाई म्हटलं नाही.

५ एप्रिल

चार दिवस जेवण गेलं नाही. यांनी आज दुकान उघडलं नाही, समोर बसले आणि म्हणाले, आता सांग. हे घड्याळं दुरुस्त करतात. कमी बोलतात, ऐकताना मान खाली असते, समोर कोणी उघडं घड्याळ ठेवल्यासारखी.

मी सगळं सांगितलं. चष्म्यापासून.

मग म्हणाले, त्यांनी एकदा दोन गिऱ्हाइकांच्या घड्याळांचे पट्टे अदलाबदल केले होते, तेव्हापासून घड्याळ हातात पडलं की आधी चिठ्ठी बांधतात. मला वाटलं, आता म्हणतील, होतं असं, माणूस आहे. तेवढंच ऐकायला मी आतुर होते.

म्हणाले, “पट्टा परत बदलून देता आला. तू चूक केलीस ती नऊ फेब्रुवारीला. त्यानंतर जे केलंस, त्याला चूक नाही म्हणत.”

रडू आलं तेव्हा त्यांनी पाणी आणून दिलं. पण शब्द मागे घेतला नाही.

आजच्या पानावरची गंमत : ‘बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला रक्तवाहिनी नसते, त्याला प्राणवायू थेट हवेतून मिळतो.’ नाहीतर सगळंच लाल दिसलं असतं, नाही का.

६ एप्रिल

पिशवी उघडली तर कापसावर यांचा चष्मा ठेवलेला. आजोबांच्या घरी तो लावून गेले. दारात मोठ्या वहिनी, एक हात गळ्यात.

“चष्मा लागला वाटतं.”

“लागून बरेच दिवस झाले,” मी म्हटलं. “वहिनी, नऊ फेब्रुवारीला माझ्याकडून...”

त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. स्वयंपाकघरात नेलं, स्टुलावर बसवलं. आवाज अगदी साधा, भाजी काय आणू विचारावं तसा.

“धाकटीचं रक्त ज्या नळीत घेतलंत, तिच्यावर माझं नाव होतं. मी शेजारीच उभी होते. वाचता येतं मला.”

मला वाटलं स्टूल खालून निघून गेलं.

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुमचा हात इतका खात्रीने चालत होता. मला वाटलं, तुमची काही पद्धत असेल, आपल्याला काय कळतंय. रिपोर्ट आला तेव्हा कळलं. पण तेव्हा कोणाला सांगायचं? फ्रिजवर कागद चिकटलेला. मी म्हटलं असतं हा माझा नाहीच, तर आणखी एक सोंग झालं असतं.” त्यांनी जरा दम घेतला. “तुम्ही म्हणालात तरच ते खरं होणार होतं. म्हणून दर वेळी काहीतरी विचारत होते. वाटायचं, आज सांगतील. शेवटी बाहीही वर केली.”

आणि मी ह्या बाईला चौकस समजत होते. हुशार आहे, शिकली असती तर पुढे गेली असती, असं लिहून ठेवलंय मीच वर. दोन महिने त्या मला दाराच्या फटीतून हात देत होत्या आणि मी शिरा निळ्या का दिसतात ते समजावत बसले होते.

मग बाहेरच्या खोलीत गेले. थोरले बूट घालत होते, धाकट्या वहिनी डबा भरत होत्या, आजोबा खुर्चीत. मी उभ्याने सांगितलं. नळ्या माझ्याकडून बदलल्या, मला दुसऱ्याच दिवशी समजलं होतं, मी गप्प बसले. ‘कदाचित’ हा शब्द तोंडात आला होता, तो गिळला.

थोरले एक बूट पायात आणि एक हातात असे राहिले. बायकोकडे बघत होते आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती. धाकट्या वहिनी म्हणाल्या, “म्हणजे मला काहीच झालं नव्हतं?” आणि खाली बसून रडायला लागल्या, सहा आठवडे जाऊबाईंच्या हातचं आयतं खाल्लं म्हणून, की आजारपण हातचं गेलं म्हणून, ते मला कळलं नाही. त्यांच्याबद्दल असं लिहायचा मला अधिकार नाही.

आजोबा म्हणाले, “डास नाव विचारत नाही ते ठीक. तू विचारायला हवं होतंस, बाई.”

मोठ्या वहिनींनी उजवा हात पुढे केला. मी कोरी नळी घेतली. बोटाला शीर लगेच लागली. रक्त नळीत उतरलं ते चष्म्यातून स्पष्ट दिसलं. ते ओळखायला मशीन लागत नव्हतं. मग पेन काढलं आणि म्हटलं, पूर्ण नाव सांगा. त्यांनी सांगितलं. मी लिहिलं.

पाच पॉइंट दोन.

७ एप्रिल

मोठ्या वहिनींना दवाखान्यात ठेवलंय. पाळीत खूप रक्त जात होतं, कित्येक महिने. कोणाला बोलल्या नव्हत्या, आणि बोलायची वेळ आली तेव्हा फ्रिजवर माझा कागद होता. दोन बाटल्या रक्त चढवलं. कोणा दोघा अनोळखी माणसांचं. त्या बाटल्यांवरचं लेबल दोन नर्सनी मोठ्याने वाचून एकमेकींना ऐकवलं, मगच नळी जोडली. मी दाराबाहेरून ऐकत होते.

सकाळी सरांना सगळं लेखी दिलं. त्यांनी कागद वाचून विचारलं, फेब्रुवारीपासून आणखी किती नळ्यांवर घरी नावं लिहिलीस? मी म्हटलं, सगळ्याच. ते डोक्याला हात लावून बसले. ज्या घरांत मी एकापेक्षा जास्त माणसांचं रक्त घेतलं, तिथे सगळ्यांना फोन करून पुन्हा तपासायला बोलवायचं ठरलं. फोन मीच करायचे, कारणासकट. घरोघरी जाणं बंद.

१८ एप्रिल

एकतीस घरं झाली. एकाही घरी अदलाबदल निघाली नाही. सरांनी दिलासा म्हणून सांगितलं. मला मात्र वाटलं, एवढ्या घरांत एकदाच चुकले, आणि तेही त्या एकीच्या बाबतीत जिने वाचलं होतं. फोनवर एकजण म्हणाला, बरं झालं बाई, सांगितलंत तरी. त्याचे आभार मला झेपेनात. फोन ठेवून दिला.

चष्मा आला, माझा स्वतःचा. काउंटरवर बसते. पावत्यांची अक्षरं स्वच्छ दिसतात. थोरल्या बाईंनी शेजारची खुर्ची सरकवून दिली, म्हणाल्या, इथे इतकं काही वाईट नसतं गं.

९ जून

आज एकशेवीस दिवस झाले. नऊ फेब्रुवारीला जे रक्त कोणाच्याही अंगात होतं, त्यातली लाल पेशी आज क्वचितच उरली असेल. माझ्याही अंगात नाही. पहाटे उठल्यावर पहिला विचार हाच आला आणि त्यात सुटका शोधतेय हे लक्षात येऊन मी तो सोडून दिला.

अकराच्या सुमाराला काउंटरसमोर सावली पडली. मोठ्या वहिनी. प्लॅस्टर निघालंय, गालावर रंग आहे. तीन मजले एका दमात उतरून, पुढे चालत आल्या म्हणाल्या. जवळ दुसरी लॅब आहे, तिथे का नाही गेलात, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. माफीचंही बोलले नाही. एप्रिलमध्ये दवाखान्यात बोलले होते, तेव्हा त्या छताकडे बघत राहिल्या होत्या.

आमच्या नवीन मुलीने त्यांचं रक्त घेतलं. हात अजून जड आहे तिचा, दोनदा टोचावं लागलं. मोठ्या वहिनी हूं की चूं न करता बसल्या. मग ती मुलगी नळी घेऊन माझ्याकडे आली, कारण आता नियम असा केलाय की रक्त दिलेल्या माणसाला समोर उभं करून नाव काउंटरवर लिहायचं.

“पूर्ण नाव सांगा,” मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं. अक्षर अक्षर सुटं करून, सावकाश, माझं पेन थांबेपर्यंत थांबत. मी लिहिलं. लेबल नळीवर चिकटवलं आणि बोटाने दाबलं.

त्या गेल्या नाहीत. काउंटरवर दोन्ही हात टेकवून उभ्या राहिल्या. मागे चार माणसं होती.

“वाचून दाखवा,” त्या म्हणाल्या.

मी चष्मा नाकावर नीट बसवला आणि मोठ्याने वाचलं. सगळ्या रांगेला ऐकू गेलं.

“हं,” त्या म्हणाल्या. “हीच मी.”